विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर: रतनगड ते हरिश्चंद्रगड, पहिल्यांदाच तंबू घेऊन

कॉलेजात असताना पहिल्यांदा तंबू घेऊन रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीत उतरलो, तेव्हा माझ्या सॅकेत दोन किलो बटाटे, एक किलो कांदे, तीन लिटरचा कुकर आणि आजीची गोधडी होती. तंबूही होता, पण त्याच्या खुंट्या घरी पलंगाखाली राहिल्या होत्या. अमृतेश्वराच्या देवळापाशी बसलेल्या एका बाबांनी माझी सॅक एका हाताने उचलून बघितली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "जातं-पाटा घरी ठिवला का त्यो बी आनलाय?"

एका दिवसाच्या ट्रेकला असल्या चुका खपून जातात. संध्याकाळची गाडी पकडली की माणूस सुटतो. डोंगरात तीन रात्री काढायच्या असतील तर दोनच गोष्टींचा हिशेब पक्का लागतो: पाठीवर ओझं किती आहे आणि हातात उजेड किती उरलाय. बाकी सगळं या दोन्हींच्या पोटात येतं. ओझं वाढलं की चाल मंदावते, चाल मंदावली की रानात अंधार पडतो आणि अंधारात वाट चुकते.

हीच वाट का

सह्याद्रीत तंबू घेऊन जायला जागा पुष्कळ आहेत. मी नवख्यांना रतनवाडी–कात्राबाईची खिंड–कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड ही वाट सुचवतो. हा सगळा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. रान दाट आहे, दिवसदिवस मोबाइलला रेंज नसते, पण रोज संध्याकाळी एखादं गाव गाठता येतं. खऱ्या दुर्गम डोंगराची चव मिळते आणि काही बिनसलं तर माणसं जवळ असतात.

चांगल्या चालीची मंडळी हे दोन दिवसांत उरकतात. तुम्ही चार दिवस आणि तीन रात्री धरा. महिना नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. पावसाळ्यात ओढे अडवतात आणि धुक्यात हाताचं बोट दिसत नाही. मार्चनंतर पाणी आटत जातं आणि कातळ तापतो. थंडी मात्र गंमत समजू नका, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो.

हिमालयात जायचं मनात असेल तर जरूर जा, पण मुक्कामाचा पहिला धडा तिथे गिरवू नका. तिकडे अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास वेगळा सुरू होतो. इथे हरिश्चंद्रगड १४२४ मीटर आणि कळसूबाई, म्हणजे राज्यातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. दम लागेल तो ओझ्याने, हवेने नाही.

सहा आठवडे आधी: पाय आणि पाठ

जिममध्ये कितीही घाम गाळा, मुरमाड उतारावर गुडघ्यांना काय होतं ते उतारावरच कळतं. पुणेकरांना सिंहगड आहे, आतकरवाडीकडून. मुंबईकरांनी नेरळहून माथेरान चालत गाठावं. आठवड्यातून एकदा जा आणि सॅक भरूनच जा. पहिल्यांदा पाच किलो, मग आठ, मग बारा. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. वर पोचलात की पाणी झाडांना घाला आणि मोकळ्या बाटल्या घेऊन उतरा. चढताना ओझ्याचा सराव होतो, उतरताना गुडघे वाचतात. ही युक्ती मला उशिरा सुचली, तोवर एक गुडघा कुरकुरायला लागला होता.

बूट याच सरावात रुळवून घ्या. नवे कोरे बूट घालून रतनवाडीला येणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी मी लांबूनही ओळखतो, तो टाचेवर पाय टाकत नाही. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, कारण उतारावर अंगठा पुढे आपटतो. महागडेच हवेत असं नाही, तळव्याची पकड आणि टाचेची घडण बघा. गावातली पोरं शे-दोनशेच्या चपलेत आपल्या पुढे पळतात हेही लक्षात असू द्या, म्हणजे बुटांचा गर्व होणार नाही.

ओझं

आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा ही वरची मर्यादा. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, तेही पाण्यासकट. आता मोजा. दोन माणसांचा तंबू अडीच-तीन किलो, तो दोघांत वाटून घ्यायचा: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे काठ्या आणि खुंट्या. स्लीपिंग बॅग सव्वा किलो. मॅट तीन-चारशे ग्रॅम. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. दिवसाला माणशी सहा-सातशे ग्रॅम कोरडा शिधा. सॅक स्वतःच दीड-दोन किलोची. बारा किलो बघता बघता भरतात आणि तुम्ही अजून कपडे घेतलेच नाहीत.

म्हणून कपडे चालायचे एक आणि झोपायचे एक. झोपायचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काही झालं तरी त्यात चालू नका. संध्याकाळी घामाने ओला टी-शर्ट काढून कोरडं अंगात घातलं की निम्मी थंडी पळते. मोज्यांचे तीन जोड घ्या, इथे कंजुषी नको. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही आणि चढावर मांडीला अडते. कानटोपी घ्या, माकडटोपी असली तर उत्तम, कोणी हसलं तर हसू द्या.

सॅक भरण्याची रीत अशी: तळाला स्लीपिंग बॅग, जड सामान पाठीला चिकटून मधोमध, हलकं बाहेरच्या अंगाला. पाणी, हेडटॉर्च, औषधं आणि खाऊ हात घातल्याबरोबर मिळाले पाहिजेत. बाहेर लोंबकळणारी भांडी, चपला, कॅमेऱ्याच्या पिशव्या नकोत. कारवीच्या रानातून जाताना लोंबणारी प्रत्येक वस्तू अडकते. कमरेचा पट्टा आवळा, कारण वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे. पट्टा न आवळता चालणारे लोक दर दहा मिनिटांनी अंगठे खांद्याच्या पट्ट्यांत घालून सॅक वर ढकलताना दिसतात.

भरून झाली की सॅक घरच्या काट्यावर ठेवा. मग सगळं पुन्हा जमिनीवर ओता आणि "लागलं तर असू दे" म्हणून घेतलेली प्रत्येक वस्तू बाजूला काढा.

तंबूची रंगीत तालीम

तंबू पहिल्यांदा सोसायटीच्या गच्चीवर उभारा, आणि रात्री, दिवे बंद करून, हेडटॉर्चच्या उजेडात. दोघांनी मिळून पंधरा मिनिटांत उभा राहिला पाहिजे. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत ही अडचण नाही, उलट तीच तालीम आहे. पठारावर कातळ असतो, तिथेही खुंटी शिरत नाही. तिथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या असतात. त्यासाठी दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी जास्तीची ठेवा. खुंट्या विसरलो तेव्हा आम्ही वाळक्या कारवीच्या काटक्या तासून ठोकल्या होत्या. रात्री वारा सुटला आणि दोन वाजता तंबू अंगावर आला.

त्या गच्चीवरच एक रात्र झोपूनही बघा. सकाळी तंबूचं आतलं कापड ओलं लागेल आणि तुम्हाला वाटेल, फसवलं दुकानदाराने. गळती नसते ती, तुमच्याच श्वासाची वाफ गार कापडाला लागून थेंब धरते. खिडक्या-झडपा थोड्या उघड्या ठेवल्या की कमी होतं. थंडी वाजते म्हणून सगळं गच्च बंद करणारे पहाटे ओलेचिंब उठतात.

आणि मॅट. लोक स्लीपिंग बॅगवर हजारो रुपये घालवतात आणि मॅट विसरतात. खालून जमीन जेवढी ऊब ओढून घेते तेवढी वरची हवासुद्धा घेत नाही, कारण अंगाखाली दबलेल्या बॅगेला फुगवटाच राहत नाही. फोमची साधी घडीची मॅट पुरते.

शिधा

दुपारचं जेवण विनाचुलीचं ठेवा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दशमी दोन-तीन दिवस टिकते आणि पोळीसारखी चामट होत नाही. चालताना खिशात शेंगदाणे, खारीक, चिक्की. थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तासातासाला घोटभर प्या, एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू ठेवा.

रात्रीला तांदूळ आणि मूगडाळ घरीच धुऊन, वाळवून, हळद-मीठ-जिरं घालून एका वेळेच्या पुड्या बांधा. मुक्कामी पोचल्याबरोबर पुडी पाण्यात भिजत घाला आणि मग तंबू उभारा. अर्ध्या तासाने खिचडी निम्म्या गॅसवर होते. सोबत तुपाची छोटी डबी आणि भाजलेला पापड. सकाळी पोहे किंवा मेतकूट-भात. मॅगी आणायची तर आणा, पण तिच्यावर तीन दिवस चढ चढता येत नाही.

गॅसच्या डब्याचं एक लक्षात ठेवा. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेता येत नाहीत, म्हणजे कसारा लोकलने येणाऱ्यांनी डबा बरोबर आणायचा नाही. स्वतःच्या गाडीने येणाऱ्याच्या हाती द्या, नाहीतर सरळ गावातल्या घरी जेवणाचं सांगा. रतनवाडी, कुमशेत, पाचनई तिन्हीकडे आधी सांगितलं तर भाकरी-पिठलं मिळतं. त्यात कमीपणा काही नाही. ओझं दोन किलोंनी उतरतं आणि घरधनीण चुलीसमोर बसवून वाढते ते वेगळंच.

शेकोटीचा हट्ट सोडा. अभयारण्य आहे, डिसेंबरपासून गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. शिवाय धुराने आग्या मोहोळ उठतं. इथल्या कड्यांवर या माशांची पोळी असतात आणि त्यांनी जायबंदी केलेल्या ट्रेकर्सच्या बातम्या येतच असतात. अत्तर-डिओही घरी ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, तोंड-डोकं झाकून तिथून लांब पळा. तंबू जवळ असेल तर आत शिरून चेन लावा.

विचारपूस आणि कागद

रतनवाडी आणि पाचनईला वनखात्याची नोंद आणि प्रवेशशुल्क असतं. तंबू कुठे लावू देतात, गडावर रात्री राहू देतात की नाही, हे नियम अधूनमधून बदलतात. निघायच्या आठवड्यात गावात फोन करून विचारा. नाही म्हणाले तर गावातल्या एखाद्या अंगणात किंवा शेतात, मालकाला विचारून, तंबू ठोका. वाद घालू नका.

वाटाड्या रतनवाडीतूनच घ्या, निदान कुमशेतपर्यंत. मोबाइलवर नकाशा उतरवून घेतला तरी घ्या. कात्राबाईच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट कुठली हे जनावरांनाच ठाऊक. पैसे आदल्या रात्री ठरवा. त्याला परत यायचं भाडं आणि दुपारचं जेवण आपल्याकडे. घासाघीस करणाऱ्यांनी आपल्या बुटांची किंमत आठवावी.

घरी एक कागद ठेवून जा: कोण कोण, कुठली वाट, कुठल्या रात्री कुठलं गाव, आणि "अमक्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन नाही आला तर काळजी करा." आणीबाणीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ लक्षात असतातच. महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे, त्याचा क्रमांक निघण्याआधी शोधून वहीत लिहून ठेवा. वहीत अशासाठी की थंडीने बॅटरी उतरते. फोन विमान मोडवर टाका आणि रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

औषधांत पट्ट्या, जंतुनाशक, क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पाकिटं, ताप-जुलाबाच्या गोळ्या आणि स्वतःची रोजची औषधं. सापांपैकी फुरसं इथे दगडाआड असतं. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला शांत ठेवा, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते वाटाड्याला आधीच विचारून ठेवा. बाकी रोजचा नेम एवढाच: बूट तंबूच्या आत, आणि सकाळी झटकून मगच पायात.

पोचणं

मुंबईहून कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घोटीमार्गे शेंडी. शेंडी म्हणजेच भंडारदरा धरणाचं गाव. पुण्याहून संगमनेर–अकोले–राजूर–शेंडी. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालत रतनवाडी साधारण वीस किलोमीटर, एसटी तुरळक, जीप ठरवावी लागते. पहिल्या दिवसाच्या आदल्या दुपारी तीनपर्यंत रतनवाडीत पोचाल असं बघा, ती रात्र वरच्या हिशेबात धरलेली नाही.

पहिला दिवस: रतनगड, पण मोकळ्या पाठीने

इथे माझं मत बऱ्याच जुन्या ट्रेकर्सपेक्षा वेगळं आहे. ते सगळं सामान घेऊन रतनगडावर जातात आणि गुहेत राहतात. नवख्यांनी तसं करू नये. शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिड्या आहेत आणि बारा किलोची सॅक शिडीवर माणसाला मागे ओढते. रतनवाडीतच तंबू ठोका. सकाळी सामान एखाद्या घरात ठेवा, पाणी-खाऊची लहान पिशवी घ्या आणि गड बघून या. चढायला अडीच-तीन तास.

वाट बराच वेळ प्रवरेच्या पात्रालगत जाते. ही नदी याच डोंगरात उगम पावते आणि लगेच भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. १२९७ मीटरच्या माथ्यावर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की समोर अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई. वारा तिथे इतका असतो की टोपी हातात धरावी लागते. वर जाताना वाटाड्याला कात्राबाईकडे फुटणारा फाटा दाखवायला सांगा, उद्या तिथूनच वळायचं आहे.

उतरल्यावर अमृतेश्वराचं देऊळ निवांत बघा. कोरीव खांब आणि शेजारची पुष्करणी बघायला तासभर ठेवा. पहिल्या रात्री तंबूत काही विसरल्याचं लक्षात आलं तर गाव शंभर पावलांवर आहे, म्हणूनही हा मुक्काम इथे.

दुसरा दिवस: खिंड

साडेपाचला उठा. तंबू आवरणं, चहा, पोहे यात नवख्यांचे दीड तास जातातच. सातला पाऊल उचला, सातनंतर नाही. पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला, इतकं की गप्पा मारता याव्यात. मग थांबा आणि सॅकेचे पट्टे, बुटांच्या नाड्या नीट करा. टाचेला कुठे गरम लागत असेल तर तिथेच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टी लावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा, वाटाड्याच्या मागे. सगळ्यात अनुभवी शेवटी. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं बैठक. रानात वाट दिसेनाशी झाली तर पुढे "बघू" म्हणून जायचं नाही, शेवटची खात्रीची खूण होती तिथे परत यायचं.

ओझ्यासह खिंड गाठायला चारेक तास लागतात. माझा नियम असा: दुपारी बारापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर तिथूनच मागे फिरायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात साडेपाचलाच दिवेलागण होते, आणि खिंडीपलीकडचा उतार घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-दगडांचा आहे. अंधारात उतरायची जागा नाही ती.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. वाटाडे तिथे थांबून हात जोडतात, तुम्हीही थांबा. इथे तुम्ही प्रवरेचं खोरं सोडून मुळा नदीच्या खोऱ्यात उतरता. गंमत म्हणजे खाली देशावर मुळा पुन्हा प्रवरेलाच जाऊन मिळते. समोर आजोबाचा डोंगर आणि लांबवर हरिश्चंद्रगडाचा पसारा दिसतो. तो बघून पोटात गोळा येईल, पण आज तिथे जायचं नाहीये.

उतरताना काठी वापरा, पाऊल आडवं टाका आणि दोघांत अंतर ठेवा, म्हणजे वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात बसणार नाही. दोन-अडीच तासांत कुमशेतच्या शेतांत याल.

मुक्कामाची जागा

चारला जागा शोधायला लागा, साडेपाचला नाही. कोरड्या ओढ्याचं पात्र सपाट आणि वाळूचं असतं म्हणून मोह होतो, तिथे नको, अवकाळी सांगून येत नाही. एकट्या उंच झाडाखाली नको, कड्याच्या पायथ्याशी नको, कड्याच्या काठावर तर नकोच. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला. थोडा उतार असेल तर डोकं वरच्या अंगाला. आधी मॅट टाकून पाच मिनिटं आडवे व्हा, पाठीखालचा दगड तंबू लागल्यावर सापडून उपयोग नसतो.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं तरी लांब, वीतभर खड्डा खणून, माती लोटून. टिश्यू आणि पॅड पिशवीत बांधून परत आणायचे. भांडी टाक्यात किंवा ओढ्यात बुडवून घासू नका, पाणी काढून लांब नेऊन घासा. लोक तेच पाणी पितात, आणि उद्या सकाळी तुम्हीही. गाळून, उकळून प्या. खाऊ उघडा ठेवाल तर रात्री उंदीर आणि सकाळी वानरं हजर.

तिसऱ्या दिवशी कुमशेतहून पाचनई आणि तिथून गड. पाचनईची वाट सोपी आहे, ओझ्यासकट दोन-अडीच तासांची. गडावरचा कोकणकडा संध्याकाळी बघा, पण काठाशी पालथं झोपून, आणि तंबू तिथून चांगला आत. चौथ्या दिवशी पाचनईलाच उतरून राजूर गाठा. गुडघे शाबूत असतील तर तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरा. तिथून खुबी फाट्यावर माळशेजच्या रस्त्याला कल्याणकडे जाणारी एसटी मिळते. फाट्यावर चहाच्या टपरीशेजारी सॅक उतरवाल तेव्हा ती पुन्हा हातात तोलून बघा, आणि तीन रात्रींत जे एकदाही बाहेर काढलं नाही त्याची यादी तिथेच वहीत लिहा. माझ्या पहिल्या यादीत कुकरची शिट्टी होती.